पोटखराबा

पहिल्या वर्षी मी पक्ष्याचं नाव आधी घ्यायची.
तणमोर, म्हणायची, आणि फोटो पुढे करायची.
लोक फोटोकडे पाहायचे, मग माझ्या बुटांकडे,
मग आत जाऊन सातबारा कुलपात ठेवायचे.
"कोंबडीएवढा जीव, अन् त्याच्यापायी वावर जंगलखात्यात?
नाही बाप्पा. आमच्याकडे तसलं काही येत नाही."

आता मी आधी डवरणीचं विचारते.
विहिरीला किती हात पाणी, तुरीवर मर आहे का,
पोरीचं बारावीचं काय झालं.
चहा दोनदा होतो. कधी नुसता चहाच होतो
आणि मी पुढच्या गावाला जाते.
अहवालात याला 'संवाद' म्हणतात.

मध्ये पाच महिने पगार नव्हता.
प्रकल्प संपला होता, गवत वाढतच होतं.
मामा म्हणाले, परमनंट कधी होणार?
मी म्हटलं, मानोऱ्याकडे माळसुद्धा परमनंट नाही.
त्यांना ते उत्तर वाटलं नाही. मलाही नाही.
स्कूटी विकली. एसटीनं फिरले, उरलेलं पायी,
आणि पायी फिरताना बिरजू पवारनं मला शिकवलं.
त्याचे आजोबा याच माळावर फासे लावायचे;
तो वाकलेलं पातं पाहून सांगतो
कोण गेलं, आणि दव पडायच्या आधी की नंतर.
"पाहू नको," म्हणतो, "आयक.
बेडकावानी वाजते, पण बेडूक नाही."
त्याला रोजी मिळते, मला मानधन.
त्या फरकावर दर महिन्याला मी सही करते,
पटकन, खाली न पाहता.

पंचफुलाबाई काळबांडेचं वावर सात एकर.
नाल्याकडचा पाऊण एकर कागदावर पोटखराबा,
म्हणजे पेरायला नालायक, आकार माफ.
खडक, कुसळ, मारवेल, एक हिवराचं झाड.
तीन वर्षं मी एवढंच मागत होते:
दसऱ्यापर्यंत तिथे विळा नको, फवारा नको, आगपेटी नको.
गवताचे पैसे आम्ही देऊ.
दर खेपेला ती म्हणायची, "पाहू."
आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही,
पण दार उघडं ठेवून म्हटलेलं नाही.

यंदा पोळा होऊन गेल्यावर
ती मला घेऊन गेली. वाटेत बोलली नाही.
हिवराखाली बसून तिनं काडीनं गवत बाजूला केलं,
उवा पाहताना लेकराचे केस करतात तसं.
मातीवर टरफलं. शेवाळी, तपकिरी ठिपक्यांची.
पिल्लं केव्हाच चालायला लागलेली.

"दर साली इथंच बसते थे.
तू पयल्यांदा आली ना, त्याच्याही आदल्या साली होती."
मग सांगितलं का नाही?
"तुह्या हातात वही होती."

माझ्या बुटाशी कुसळ अडकली होती, ती मी काढत बसले.
जे राखा म्हणून सांगायला मी तीन वर्षं येत होते
ते इथे आधीच राखलेलं होतं,
माझ्यापासूनसुद्धा.

"पण गवताचे पैसे देजो," ती उठताना म्हणाली.
"थे मी सोडत नाही."

रात्री खोलीवर तक्ता भरायला घेतला.
तारीख लिहिली. अंडी: तीन, फुटलेली.
गाव, गट क्रमांक, अक्षांश, रेखांश:
चार रकाने, आणि पेनात शाई भरपूर.
त्या चारांवरून एक आडवी रेघ मारली
आणि लिहिलं, पोटखराबा.
असतो प्रत्येक सातबाऱ्यावर थोडाफार. शोधा.

वरून फोन येईल. येऊ दे.
त्याच्या आधी मला एक फोन करायचा आहे,
बिरजूच्या रोजीचं बोलायला.