आठची निळी गोळी

ईरी गावच्या या वृद्धाश्रमात
औषधांच्या वेळा घड्याळ ठरवत नाही.
सातला वॉरन पिकेट आला की रक्तदाबाची पांढरी.
आठला डेंटन हेल, तेव्हा हृदयाची निळी.
नऊला ती दोघं, एकमेकांचं वाक्य तोडत बसणारी,
तेव्हा झोपेची अर्धी;
पुरी दिली तर लोर्ना पियाटेक
पहिल्या जाहिरातीतच घोरायला लागते.

ही रीत माझ्या आधीच्या बाईंची.
मी नुसती चालवली, नऊ वर्षं.
तक्त्यावर नावंही तीच: पिकेट, हेल, दोघं.
डॉक्टर एकदा हसले, मग तेही म्हणायला लागले,
‘हेलची मात्रा जरा कमी करू.’

ऑक्टोबरात बातमी आली,
म्हणजे बातम्यांची बातमी.
पिकेट सातावरून सहावर.
दोघांतली एक सकाळच्या पाळीला,
दुसऱ्याचं काय झालं ते कुणी बोललं नाही.
आणि सोमवारी आठ वाजता
हेलच्या खुर्चीत एक मुलगी.
खुर्ची तिला मोठी होत होती.
निरोपाचा कार्यक्रम नाही, फुलं नाहीत.
शुक्रवारी तो ‘सोमवारी भेटू’ म्हणाला होता,
मी ऐकलं होतं, हातात डबी होती.

वेंडेल क्रुपानं तोंड मिटून घेतलं.
‘तो आला की घेईन.’

आता, हेलचं एक अक्षर वेंडेलला पटत नसे.
रोज रात्री तो पडद्यावर खेकसायचा, ‘खोटारड्या!’
आणि त्या रागाच्या भरात
निळी गोळी घशाखाली जायची, पाण्याशिवायसुद्धा.
भांडायलाही रोजचा माणूस लागतो.

मी म्हटलं, सुटीवर गेलाय.
दुसऱ्या दिवशी म्हटलं, सर्दी झालीय.
तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे बघत राहिला
आणि मला माझंच ऐकू यायला लागलं.
‘पोरी,’ तो म्हणाला,
‘इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं होतो मी.
मला कुणी काही सांगितलं नाही.
एका सकाळी फाटकात कार्ड लावलं,
लाल दिवा लागला.
पुसून परत लावलं.
मागे रांग होती.’

बाहेर सरोवरावरून येणारा बर्फ
खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढला होता.
लोर्नानं विचारलं, आज वार कोणता?
गेले तीन दिवस ती हेच विचारत होती,
आधी कधी विचारावं लागलं नव्हतं.

चौथ्या रात्री त्या मुलीला ठसका लागला.
पुराच्या बातमीत, ऐन मधे.
खोकली, ‘माफ करा’ म्हणाली, परत खोकली.
त्यांनी नकाशा दाखवला;
नकाशाच्या मागूनही ती खोकतच होती.
डोळ्यांत पाणी घेऊन परत आली
तेव्हा दात दिसत नव्हते, वय दिसत होतं,
माझ्या धाकटीएवढं असेल.

वेंडेल खुर्चीच्या काठावर आला.
‘अरे, पाणी द्या कुणीतरी तिला!’
आणि त्यानं स्वतःचा कागदी पेला उचलला,
पडद्याच्या दिशेनं धरला,
हात थरथरत होता, पाणी बाहीवर सांडत होतं.
त्या खोलीत सात माणसं होती, कुणी हसलं नाही.

मी त्याच्या दुसऱ्या हातात गोळी ठेवली.
त्यानं खाली बघितलंही नाही.
उरलेल्या घोटाबरोबर गिळली
आणि रागानं पेला चुरगाळला,
जणू मी त्याला फसवलं होतं.
तसं फसवलंच होतं.

शुक्रवारी तो तिला ‘खोटारडी’ म्हणाला,
चांगलं मोठ्यानं,
लोर्ना दचकून जागी झाली.

रात्री तक्त्यावर मी हेल खोडलं.
शाई जुनी होती, कागद थोडा फाटला.
शेजारी लिहिलं: ब्रिन.
पेन्सिलनं.
आडनाव वाचायचं राहिलं,
पट्टी पुढे सरकून गेली होती.