पाव सुराचा खिळा

इनासमामा मुहर्रकला उतरला तेव्हा ट्रंकेत
दोन शर्ट, सुकेळ्यांचा पुडा,
आणि पापडीच्या चर्चमधली कॉयरची वही,
पाच रेघांवर काळी अंडी घातलेली.
गोदामात पोती मोजायची नोकरी.
तीन वर्षं मोजली.
मग कर्ज काढून एक जुनं ट्रेडल घेतलं.

पाटीवर नाव अब्दुल्लतीफ बू-राशिदचं.
परवाना त्याचा, कायदाच तसा.
मामाचं नाव फक्त उधारीच्या वहीत.

हॉटेलवाले म्हणत, वॉल्ट्झ द्या.
रेडिओवाले म्हणत, कैरोचं काही असेल तर बोला.
मामा दोन्ही विकायचा, आणि त्या पैशांत छापायचा
जासिम अल-गल्लाफला,
जो दिवसा होड्यांच्या फटींत कापूस ठोके
आणि रात्री ऊद मांडीवर घेऊन चाली बांधे.
"कोण घेणार रे हे?" बू-राशिद विचारी.
"छापलंच नाही तर मागणार कोण?"
पहिल्या वर्षी चौतीस प्रती खपल्या.
त्यातल्या अकरा मामानेच घेतलेल्या,
हे मला पुढे हिशेबात सापडलं.

अरबी उजवीकडून येते, सूर डावीकडून निघतात.
ओळीच्या मधोमध समोरासमोर,
बोळात अडकलेल्या दोन गाढवगाड्या.
मामाने शब्द फोडले, तुकडे सुरांखाली उलटे बसवले,
शाळामास्तराला वाचायला दिले.
मास्तर आधी हसला. मग गुणगुणला.

पण जासिम लावायचा तो सूर आमच्या खिळ्यांत नव्हता.
कोमल म्हणावा तर चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला,
दोन पायऱ्यांच्या मध्ये पाय ठेवून उभा माणूस.
मामाने कोमलाचा खिळा चिमट्यात धरला,
कानशीने पोटातून चीर काढली.
कागदावर ती पांढरी उमटली.
असे साठ खिळे केले, एका रमजानात,
आणि चष्म्याचा नंबर वाढवून घेतला.

गाण्याच्या घराला इथे 'दार' म्हणतात.
त्या दारात जासिम त्याला घेऊन गेला.
मोती काढून म्हातारे झालेले लोक
मातीचा घडा थापटत, घशातून
समुद्राच्या तळाचा घुमारा काढत होते.
मामा पेन्सिल धरून पहाटेपर्यंत बसला.
एक टिंबही काढलं नाही.
"नाही बसत हे," घरी येऊन म्हणाला, "बरं झालं."

मोझा लग्नांत गायची.
काउंटरवर अंगठीने ताल धरून तिने चाल सांगितली.
नाव नको म्हणाली. भाऊ आहेत मला, पाच.
मामाने मुखपृष्ठावर नावाची जागा कोरी सोडली,
पट्टीने मोजून, अडीच इंच.
दर ईदेआधी तिचं पाकीट मी सायकलवरून न्यायचो.
दार वीतभर उघडायचं, हात बाहेर यायचा,
आतून पैसे मोजल्याचा आवाज.

मग कॅसेटी आल्या. जासिमही कॅसेटवर गेला,
कव्हरवर त्याचा फोटो होता, सही नव्हती.
मामा काही बोलला नाही. ट्रेडलला तेल घातलं.
तो इथल्याच मातीत आहे, गावाकडे नेणं परवडलं नाही.

गेल्या महिन्यात दुकान रिकामं करत होतो.
ट्रेडल भंगारात गेलं होतं.
मोझाची नात आली, कॉलेजात शिकवते.
म्हणाली, आता नाव घाला. भाऊ सगळे वारले.
एक्केचाळीस प्रती उरल्या होत्या.
खण उपसून खिळे शोधले, दोऱ्याने बांधले,
शिक्क्याच्या गादीवर दाबून एकेक प्रत उठवली.
अडीच इंचांत तिच्या बापाचं नावही मावलं.

तिने सगळ्या घेतल्या.
छापील किंमत तीनशे फिल्स,
बारा दिनार तीनशे तिने काउंटरवर ठेवले.
मी सवयीने पाकीट काढलं, दहा टक्के वेगळे केले,
एक दिनार दोनशे तीस,
आणि तिच्याच हातात दिले.
तिने मोजून घेतले.