मेल्या

फर्मिन ओलाइसोला
अल्मेरियाच्या रखरखाटात एकेचाळीस वेळा मेला.
घोड्यावरून, छपरावरून,
एकदा तर नुसताच, जेवणाच्या सुट्टीआधी, घाईघाईत.
मरतानाचं कण्हणंही त्याचं नव्हतं,
ते रोममधल्या कुणीतरी नंतर भरलं.

एउलोखिया ओठ पुढे करायची,
तेवढ्यात सरकारी कात्री;
पुढच्या दृश्यात तिला थेट मूलच झालेलं असायचं.

आता माद्रिदच्या पेन्शन कचेरीत
खिडकीमागची पोरगी विचारते,
कामाचे दिवस किती भरले, आजोबा? पुरावा?

फर्मिन काठी भिंतीला टेकवतो,
छातीवर हात धरतो
आणि सावकाश, गुडघा सांभाळत,
फरशीवर कोसळतो.

रांगेतून एउलोखिया ओरडते,
मेल्या,
निदान आज तरी स्वतःच्या आवाजात कण्ह.