पेवाच्या तोंडाशी

फळ्यावर मी अंतराळपोशाख काढायला गेले
आणि झालं गादीवाल्याच्या दारातलं बोचकं.
सातवी ब हसली. हसू दे.
हरिपूरच्या शाळेत दुपारी साडेबाराला
हसण्यावरच तास तरतो.

सगळ्यात आत, म्हटलं, अंगाला चिकटून एक बंडी,
तिच्यात शेवयांसारख्या नळ्या, नळ्यांतून गार पाणी,
कारण तिथे घाम वाळवायला वारा नाही.
तिच्यावर हवा धरून ठेवणारा फुगा.
फुग्यावर न ताणणारं कापड,
नाहीतर फुगा आपला फुगतच जाईल.
मग चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे, एकावर एक, एकावर एक,
उन्हात सव्वाशे अंश, सावलीत उणे दीडशे,
आणि माणूस दोन्हींच्या मधे, बोटं हलवत.
वरची जाड साल दगडांसाठी.
केवढे दगड, बाई?
रव्याएवढे. पण गोळीपेक्षा जोरात येतात.
काचेवर सोन्याचा मुलामा. खरं सोनं? खरं.
सराफाची कादंबरी तेवढ्यापुरती जागी झाली.

दारात बाळगोंडा मगदूम उभे होते,
नातीला चष्म्याचा नंबर काढायला न्यायचं म्हणून.
चपला बाहेर काढलेल्या, टोपी हातात.
"वजन किती म्हनायचं त्येचं?"
सव्वा क्विंटल.
"म्हंजे हळदीचं पोतं, आन वर पंचवीस किलू."
तिथे वजन लागत नाही, आजोबा.
"हुबं ऱ्हायल्यावर लागत नसंल.
वळताना लागत असंल की."
मी गप्प. लागतं.
पुस्तकात ते दोन वर्षांनी येणार आहे.

तीस वर्षं पेवात उतरलेला माणूस.
जमिनीखाली हळद ठेवली की ती आतल्या आत वारा खाते,
म्हणाले, दगड सकाळी काढायचा
आणि दुपारपर्यंत नुसतं बसायचं, तंबाखू मळत.
मी सांगितलं, तेही बसतात,
बाहेर पडायच्या आधी काही तास
नुसता प्राणवायू ओढत.
"बसायलाच पायजे," ते म्हणाले,
जणू कुणीतरी त्यांच्याच टोळीतलं.

मग दोरीला बांधून कंदील सोडायचा.
जळत राहिला तर माणूस.
विझला तर पुन्हा तंबाखू.
पोशाख? डोक्याला टॉवेल, धोतर खोचलेलं,
अंगाला हळदीचा थर, तो फुकट.

"एवढं समदं घातलं," ते म्हणाले,
"पन तोंडावर कोन असतंय?"
पोरांना कळलं नाही. एकाने आपल्या तोंडावर हात ठेवला.
"पेवाच्या तोंडावर. वरनं हाक मारनारा."
दोरी असते, मी म्हटलं, यानाला अडकवलेली.
"दोरी असतीच. हाक कोन मारतंय?"

थर मला पाठ होते.
नळ्यांची लांबीसुद्धा सांगितली असती.
मग आठवलं: आत एक जण बसतो, घड्याळ बघत,
कानात बोलत राहतो,
हवा एवढी उरली, हात गार पडलाय का,
आता फीर.
"मग बरं हाय," बाळगोंडा म्हणाले.
आणि लगेच, मला नाही, खिडकीला:
"सिद्राम खाली व्हता तवा तोंडावर मी व्हतो.
कंदील जळत व्हता."
पुढे काही नाही.
दोन हजार पाचच्या पुरात कृष्णा त्या पेवांत शिरली.
आता त्यांच्यावरून पाय टाकत आम्ही
शाळेत येतो.

नात दप्तर घेऊन निघाली.
कंपासपेटी विसरली, परत आली, पुन्हा गेली.
मी बोचक्याच्या कमरेपासून एक रेघ ओढली,
उजवीकडे, फळ्याच्या कडेपर्यंत,
टोकाला काय काढावं कळेना, म्हणून ओढतच गेले,
खडू चौकट ओलांडून भिंतीवर दोन बोटं गेला.
तेवढ्यात घंटा.
भूगोलाच्या सरांनी फळा पुसला.
भिंत कोण पुसतंय.