पुरे

रात्रीचे पावणेदोन. पाषाण.
अंधाऱ्या खोलीत मी आणि सूक्ष्मदर्शक.
काचेच्या तळाला रेवणच्या पेशी,
सदतीस अंशांच्या उबेत.
रेवण स्वतः फुरसुंगीला झोपलेला,
डावा पाय दोन उशांवर.

एका प्रथिनाला आम्ही हिरवा दिवा बांधलाय.
दर बारा सेकंदांनी एक फोटो.
मेलेली पेशी एवढंच सांगते, कोण कुठे होतं.
कोण कशासाठी निघालं होतं
ते जिवंतपणीच बघावं लागतं.

पंगतीत वाढपी येतो,
आपण ताटावर हात आडवा धरतो.
पुरे.
आईच्या पोटात असतानाच कधीतरी
एका अक्षराची चूक झाली
आणि रेवणच्या काही पेशींचा तो हात गेला.
सगळ्यांचा नाही. डाव्या पावलाच्या,
थोड्या पोटरीच्या.
तिथे वाढपी अजून वाढतोच आहे.

उजव्याला दोन नंबर, डाव्याला सात.
सुलभाताई दर जूनला दोन जोड घेतात,
उरलेले दोन बूट माळ्यावरच्या पोत्यात.
एकदा ओपीडीबाहेर त्यांनी विचारलं,
"मॅडम, याच्या उलट पायाचं पोर
असेल का हो कुठं? कोरे बूट आहेत."
मी यादी काढली. सात नावं.
एक होतं, सांगोल्याचं. मुलगी. नंबर जुळेना.

गोळी सुरू होऊन आठ महिने झाले.
तोंड येतं, म्हणून खर्डा बंद;
रेवण माझ्याशी बोलत नाही.
पगाराच्या दिवशी त्याची आई
पाऊल वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिल फिरवते.
शेवटचे तीन कागद आम्ही
खिडकीच्या काचेला लावून पाहिले, एकावर एक.
पेन्सिल जाड होती. डॉक्टर म्हणाले,
एवढ्यात काही बोलू नका.

आज तेच औषध मी काचेत सोडलं.
दोन वाजून चाळीस मिनिटं:
पेशीच्या काठाला चिकटून बसलेला हिरवा रंग
सैल पडला, आत पांगला.
डोळे चोळले. पुन्हा बघितलं. वहीत लिहिलं.
शेजारच्या, औषध नसलेल्या बशीत
काठ तसाच लखलखत होता.

जूनमध्ये सुलभाताईंचा फोन आला,
आवाज वैतागलेला:
"डाव्याला मागल्या वर्षीचाच बूट होतोय.
उजव्यालाच एक हवाय, तीन नंबर.
आणि हा लक्ष्मी रोडवाला
एक बूट विकायला तयार नाही."