जड आवाज

एका तासाच्या टेपला एक तासच लागतो.
इथे संगणकालाही घाई करता येत नाही,
हे मला बरं वाटलं.

टेबलावर सतरा कॅसेटी. चारींवर बुरशी,
आमच्या तळघरात चीजवर धरते तशी, पांढरी.
ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, खिडकी उघडी ठेवून.
बाहेर तोपूचं धुकं, धुक्यात गायींच्या घंटा,
आणि खाली कुठेतरी अटलांटिक, नुसता ऐकू येणारा.

सगळ्या फिलुमेनामावशीच्या.
ऐंशीच्या भूकंपात घर बसलं, तेव्हा ती बेट सोडून
फॉल रिव्हरला गेली, शर्टांच्या कॉलरी शिवायला.
वर्षातून एकदा बोटीनं तिचा पेटारा यायचा:
कॉफी, कुणाच्याच मापाचे नसलेले बूट, टॉवेल,
आणि टॉवेलांच्या घडीत एक कॅसेट.
आम्ही आधी टॉवेल हुंगायचो.
अमेरिकेला साबणाचा वास होता.

पण तिकडची टेप इकडच्या यंत्राला कळायची नाही.
तिकडची वीज वेगळी, टीव्ही वेगळा,
चित्राच्या ओळी मोजायची रीत वेगळी.
काळंपांढरं काहीतरी वर वर सरकत राहायचं,
पायांवर डोकं, डोक्यावर पाय,
जणू मावशी एका जिन्यावरून आमच्याकडे उतरतेय
आणि जिना संपत नाहीये.
आवाज मात्र यायचा. सावकाश, घोगरा,
रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा:
"इर... मे... लिं... दा..."
मी उशीखाली डोकं घालायचो.
आई मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बघायची
आणि उठताना म्हणायची, "किती थकलीय गं माझी पोर."

मग पत्रं. धीर धर. जेवत जा. परत ये.
एका वर्षी तिनं नवसच बोलला,
मेणाचा गळा विकत आणून देवळात वाहिला,
मेणाच्या पायांच्या आणि छोट्या मेणबाळांच्या रांगेत.
मावशीचं उत्तर यायचं: मी मजेत आहे, तुला काय झालंय?
आई ते दोनदा वाचायची.
"बघा, लपवतेय."

चौऱ्याण्णवला मावशी गेली. तिकडेच पुरली.
पेटारे थांबले. कॅसेटी कपाटावर गेल्या.

आता बॉस्टनहून एक जुनं यंत्र मागवलं,
सोबत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर, विटेएवढाच जड.
निळा पडदा. करकर. तळाशी चुरगळलेली एक पट्टी.
आणि एकदम रंग.

मावशीचा कोट लाल. मागे बर्फ.
शेजाऱ्याच्या गाडीवर कुणीतरी बोटानं काढलेला मासा.
आणि आवाज बारीक, भरभर,
शिवणयंत्राची टीप पडावी तसा:
"इर्मेलिंदा! कोट बघ! निम्म्या किमतीत!"
स्वतःच गिरकी घेते, घसरते, बसते बर्फात,
आणि इतकी हसते की कॅमेरा धरणारे काकाही
हसू लागतात, चित्र हलू लागतं.

आई त्र्याऐंशीची. गुडघ्यांवर पांघरूण.
बराच वेळ काही बोलली नाही.
कोपऱ्यात आकडे सरकत होते, अठरा मिनिटं, एकोणीस.
मी यंत्र थांबवायला हात पुढे केला,
तिनं मनगट धरलं.
"गळा बरा झाला तिचा," ती म्हणाली.
"नवस पावला. उशीर झाला, एवढंच."

सतरा कॅसेटींच्या सतरा फायली झाल्या.
नंतर एका रात्री, ती झोपल्यावर,
मी आमचं जुनं यंत्र अडगळीतून काढलं,
तीच लाल कोटाची टेप त्यात घातली
आणि समोर मोबाईल धरून बसलो.
काळंपांढरं, वर वर सरकणारं.
ही अठरावी.
नाव काय द्यावं सुचत नाही.
हिच्यात ती अजून उतरतेय.