करियासाठी खोली

पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
घर भाड्याने देणे आहे,
आणि त्याच्याही खाली, खडूनं, मागाहून सुचल्यासारखं:
फक्त शाकाहारी.
कुत्र्याबद्दल पाटीवर कुणी लिहीत नाही.
ते तोंडी असतं.

भाग्यनगरात, सहाव्या क्रॉसला,
हलगेकरांनी आधी आडनाव विचारलं,
मग गाव, गावातली गल्ली,
मग मिस्टर कुठं असतात.
माझी सगळी उत्तरं पास झाली.
चावी घेऊन ते जिना चढायलाही लागले होते,
तेवढ्यात फाटकाशी करिया शिंकला.
"ह्ये तुमचं व्हय?"
माझंच, म्हटलं.
चावी खिशात गेली.
"तसं काय नाही वो, पण टाइल्स नव्या हायत."

हनुमाननगरच्या बाई म्हणाल्या, मांजर चाललं असतं.
जणू मी जाऊन बदलूनच आणणार होते.

शिवबसवनगरात मालक कन्नडमधून बोलले, मी मराठीतून.
दोघांना दोघांचं कळत होतं.
त्यांच्यात कुत्र्याला नायी म्हणतात.
मला दर वेळी ते 'नाही' ऐकू यायचं,
आणि ऐकण्यात फारशी चूक नसायची.

उद्यमबागेत मी कास्टिंग तपासते.
हातोडीनं हलकं ठोकायचं, कान द्यायचा.
आत चीर असली की लोखंड बद्द वाजतं.
"बघून कळवतो" हेही तसंच वाजतं.
सतरा दिवसांत अकरा वेळा ऐकलं.

तसा करिया माझा नव्हे.
शेजारच्या मास्तरांचा. त्यांची बदली रायचूरला झाली,
टेम्पोत कपाट मावलं, शिलाई मशीन मावलं,
करिया तेवढा उरला.
त्याला मराठी येत नाही.
बा म्हटलं तर येतो, कुंद्रु म्हटलं तर बसतो.
ये, बस म्हटलं
की मान तिरकी करून बघतो,
सरकारी खिडकीतल्या कारकुनासारखा:
कळलं सगळं, अर्ज दुसरा आणा.

वडगावातली खोली दलालानं शेवटी दाखवली,
स्वतः कोपऱ्यावरच थांबून.
खाली चार माग. वर दहा बाय बारा.
भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं, वारा नसताना.
माठातल्या पाण्यावर बारीक बारीक वळ्या.
आधीचा भाडेकरू, बँकेतला, आठ दिवसांत गेला म्हणे.
त्याच्या आधीचा परीक्षेला बसणारा मुलगा
पुस्तकं इथंच टाकून.

नीलव्वा सोंटक्की कांडीचा धागा दातानं तोडत आली.
मला काही विचारलं नाही.
खाली वाकली, आणि मागांच्या वर आवाज काढून
करियाला म्हणाली, "ऊटा आतेन?"
जेवलास का.
दोन महिन्यांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी रोज वाडगं पुढं सारायचे, विचारायचं राहून जायचं.
तो न सांगता बसला.
शेपटीनं उंबऱ्यावरची सुताची धूळ झाडू लागला.

"भुंकत नाही हं फारसा," मी खोटं बोलले.
"भुंकू दे की! ऐकायलंय कोण?"
मग बोट वर करून, आता माझ्याकडं बघत:
"पण रेशमात केस गेला तर अ‍ॅडव्हान्समधनं कापीन."
पन्नास सांगितले, तीसवर आली.
मी हातोडी न मारताच ऐकलं.
बद्द नव्हतं.

आता झोप लागते. पलंग रात्रभर चालत असतो,
सकाळी भिंतीपासून चार बोटं पुढं आलेला.
करिया तर पोट जमिनीला लावून असा झोपतो
की मास्तर परतले तरी उठायचा नाही.

फक्त करंट गेला की.
चारी माग एकदम थांबतात,
मग शेजारचे, मग गल्लीतले,
आणि करिया दचकून उठतो,
कान ताठ, त्या शांततेवर एकदाच भुंकतो.
खालून नीलव्वा: "एनप्पा?"
मी अंधारात म्हणते, बस.
तो बसत नाही.
कुंद्रु म्हणायला हवं, माहीत आहे मला.
मीही उठते.
करंट येईपर्यंत आम्ही दोघं
उभेच.